समलिंगीमुक्त राष्ट्र घडवू इच्छिणाऱ्यांस नम्र सूचना

आपला देश समलिंगी माणसांपासून मुक्त असावा अशी आपली तळमळ असेल, तर अशी माणसे आपल्याकडे नाहीतच असे जाहीर करून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला थोरांचा आधारही आहे. इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अहमदीनेजाद यांनी २००७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बोलताना, तुमच्याकडे असतात तसे समलिंगी आमच्या देशात नाहीत, असे ठणकावून सांगितले होते. सभागृह हसले, पण हसणाऱ्यांना राज्यकारभार कळत नव्हता. एखादा खवचट श्रोता विचारील की, जी माणसे नाहीतच त्यांच्यासाठी इराणच्या कायद्यात मृत्युदंड कशाला ठेवला आहे. त्याला सांगावे की दूरदर्शी राज्यकर्ते पाणी येण्याआधीच बांध घालतात.

रशियाच्या चेचन्या प्रांतात २०१७ साली समलिंगी पुरुषांना डांबून त्यांचा छळ होत असल्याच्या बातम्या बाहेर आल्या, तेव्हा तिथले सत्ताधीश रमझान कादिरोव यांच्या प्रवक्त्याने हेच तत्त्व अधिक सुबकपणे मांडले: जे अस्तित्वातच नाहीत त्यांना अटक कशी करणार? आणि समजा असतेच, तर पोलिसांना तसदी घ्यावी लागली नसती, कारण जिथून कोणी परत येत नाही अशा ठिकाणी नातेवाइकांनीच त्यांना धाडले असते, अशी पुस्तीही त्याने जोडली. एका दमात इन्कारही करायचा आणि धमकीही द्यायची, हे कसब सरावाने येते. सुरुवातीला जमले नाही तर खचून जाऊ नये.

नसलेल्या गोष्टीवर बंदी घालण्याची कला मात्र रशियाने पूर्णत्वाला नेली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. या नावाची संघटना कुठे नोंदलेली नाही, तिला कार्यालय नाही, अध्यक्ष नाही, सभासदांची वही नाही. सुनावणी बंद दाराआड झाली आणि प्रतिवादीच्या बाजूला कोणी नव्हते, कारण नोटीस बजावायची तरी कोणावर? आपल्याला यात गैरसोय दिसत असेल, तर या कामात आपण अजून कच्चे आहात. सभासदांची यादी असलेल्या संघटनेत आपण नाही हे माणसाला दाखवून देता येते. यादीच नसलेल्या संघटनेत आपण नाही हे कोणालाही, कधीही सिद्ध करता येत नाही. निकालाला दोन दिवस होतात न होतात तोच मॉस्कोतल्या क्लबांमध्ये पोलीस शिरले, आणि पुढच्याच जानेवारीत निझ्नी नोव्हगोरोद शहरातील एका तरुणीला इंद्रधनुषी रंगांच्या कानातल्यांपायी पाच दिवस कोठडीत काढावे लागले. अतिरेक्यांच्या शस्त्रसाठ्यात इतके हलके हत्यार याआधी कधी सापडले नसावे.

स्त्रियांच्या बाबतीत निराळी खबरदारी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये १९२१ साली स्त्रियांमधील शारीरिक संबंध गुन्हा ठरवणारे कलम हाउस ऑफ कॉमन्सने मंजूर केले, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळून लावले. उमरावांना लेस्बियन स्त्रियांचा कळवळा आला होता, असे कृपया समजू नये. असे कलम छापले, तर ज्या असंख्य स्त्रियांनी असले काही उभ्या आयुष्यात ऐकलेले नाही त्यांनाही ते कळेल, ही त्यांची चिंता होती. संस्कृतिरक्षणाच्या इतिहासात इतकी प्रामाणिक भूमिका क्वचितच कोणी घेतली असेल. स्त्रीपुरुषांचा संसार हीच निसर्गाची एकमेव अढळ योजना आहे असे एका बाजूने सांगायचे, आणि कायद्याच्या पुस्तकातले एक वाक्य वाचून निम्म्या बायका ती योजना मोडून निघून जातील अशी धास्तीही बाळगायची, हा तोल सांभाळायला खानदानी बुद्धीच लागते. आपण जेव्हा बंदीच्या मागणीसाठी गळा काढून भाषणे कराल, तेव्हा उमरावांचा हा इशारा आठवावा.

माणसे हाती लागत नसतील, तर वस्तू पकडाव्यात. मलेशियाच्या गृहखात्याने मे २०२३ मध्ये स्वॉच कंपनीची इंद्रधनुषी रंगांची १७२ मनगटी घड्याळे जप्त केली, आणि ऑगस्टमध्ये असे घड्याळ नुसते मनगटावर बांधणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकेल असे जाहीर केले. पुढे न्यायालयाने ती घड्याळे कंपनीला परत द्यायला लावली. न्यायालयांना वेळेचे महत्त्व कधी कधी नको तेव्हा पटते. प्राण्यांवरही लक्ष असू द्यावे. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील दोन नर पेंग्विनांनी एक पिल्लू वाढवले, या खऱ्या हकिकतीवरचे चित्रांचे बालपुस्तक सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने २०१४ साली लगदा करण्यासाठी बाजूला काढले होते. ओरड झाल्यावर ते वाचले, पण त्याची बदली प्रौढांच्या विभागात झाली. पेंग्विनांची चित्रे पाहण्यासाठी वयात येण्याची वाट पाहावी लागणे, ही मुलांच्या दृष्टीने तशी शिस्तीचीच गोष्ट आहे.

हे काम शब्द शोधणाऱ्या यंत्रावर सोपवण्याचा मोह मात्र आवरावा. विविधतेचे कौतुक करणारा मजकूर हटवण्यासाठी पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, मार्च २०२५ मध्ये याद्या तयार केल्या, तेव्हा हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या ‘एनोला गे’ विमानाची छायाचित्रेही त्यांत येऊन बसली. वैमानिकाने ते नाव आपल्या आईवरून ठेवले होते. शहर बेचिराख केल्याबद्दल यादीत काही आक्षेप नव्हता, आक्षेप आईच्या नावाला होता.

यानंतर येतो तो हुकमी मुद्दा: हे सगळे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे. तो अवश्य मांडावा, पण मांडताना आपल्या जुन्या दंडसंहितेचे मुखपृष्ठ श्रोत्यांच्या नजरेस पडणार नाही याची काळजी घ्यावी. इंग्रजांनी १८६० साली भारतासाठी केलेल्या दंडसंहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ घातले आणि त्याच नमुन्याची कलमे सिंगापूरपासून केनिया-युगांडापर्यंतच्या वसाहतींत पेरली. इंग्लंड आणि वेल्सने प्रौढ पुरुषांमधील संमतीचे खाजगी संबंध १९६७ सालीच गुन्ह्यांतून वगळले, आणि २०१८ साली पंतप्रधान थेरेसा मे यांनी राष्ट्रकुलातील देशांपुढे त्या जुन्या कायद्यांबद्दल खेदही व्यक्त केला. मालकानेच टाकून दिलेली वस्तू आपण २०१८ सालापर्यंत पूर्वजांची ठेव म्हणून देव्हाऱ्यात ठेवली होती, हे कोणी दाखवून दिले तर त्याला परकीयांचा हस्तक म्हणावे. युगांडाने तर नवा मालही आयात केला. २००९ सालच्या मार्चमध्ये काम्पाला येथे समलैंगिकतेचा धोका समजावून द्यायला अमेरिकन धर्मप्रचारक आले होते आणि त्याच वर्षी संसदेत कडक कायद्याचे विधेयक आले. पुढे मंजूर झालेला तो कायदा २०१४ साली घटनात्मक न्यायालयाने रद्द केला, कारण मतदानाच्या वेळी गणपूर्ती नव्हती. २०२३ साली सभागृह गच्च भरवून नवा कायदा केला आणि त्यात काही प्रकारांसाठी मृत्युदंड ठेवला. इथे विनोद सुचत नाही; सदस्य नीट मोजून घ्यावेत, एवढेच सांगतो.

विवाहाच्या प्रश्नावर लोकांचे मत घेऊ नये. १९९३ सालापर्यंत समलिंगी संबंध गुन्हा मानणाऱ्या आयर्लंडने मे २०१५ मध्ये लोकांना विचारले, तर ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. ऑस्ट्रेलियाने २०१७ साली टपालाने विचारले, तिथे ६१.६ टक्के निघाले. रुमानियाने २०१८ साली उलटा प्रयोग केला: विवाह स्त्रीपुरुषांतच होतो हे राज्यघटनेत पक्के करण्यासाठी सार्वमत ठेवले, लोकांना अडचण नको म्हणून मतदान दोन दिवस चालवले, आणि ३० टक्के मतदानाची अट असताना जेमतेम २१ टक्के लोक फिरकले. संस्कृती धोक्यात असताना उरलेली जनता घरी काय करत होती याचा छडा लागलेला नाही.

लोकांना न विचारता भविष्यवाणी करणे त्यामानाने सुरक्षित. १ एप्रिल २००१ च्या मध्यरात्री ॲमस्टरडॅमचे महापौर योब कोहेन यांनी चार समलिंगी जोडप्यांची लग्ने लावली तेव्हापासून कुटुंबसंस्था कोसळण्याची वाट पाहणे चालू आहे. मध्यंतरी तैवान (२०१९), ग्रीस (२०२४) आणि थायलंड (२०२५) धरून जवळपास चाळीस देशांनी हीच वाट धरली. कोसळण्याला उशीर होत असला तरी तारीख सांगू नये. विवाहाचे पावित्र्य सांगण्यासाठी प्रवक्ता मात्र अनुभवी निवडावा: अमेरिकेच्या केंटकी राज्यात २०१५ साली समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने नाकारून तुरुंगात गेलेल्या सरकारी अधिकारी किम डेव्हिस यांनी स्वतः हा पवित्र विधी चारदा पार पाडला होता.

आपण उदारमतवादी असाल, तर आपल्यासाठीही जागा आहे. पाठिंबा द्यावा, पण त्याची किंमत आधी विचारून घ्यावी. कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात सात युरोपीय संघांचे कर्णधार समतेची दंडपट्टी बांधून खेळणार होते. फिफाने पिवळ्या कार्डाची तंबी देताच पट्ट्या बॅगेत गेल्या. तत्त्वाचा बाजारभाव एक पिवळे कार्ड, अशी नोंद तेव्हापासून झालेली आहे. माफी मागायची असेल, तर ती मागण्यासाठी ज्याची मागायची तो मरेपर्यंत थांबावे. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवून हार्मोनची इंजेक्शने घ्यायला लावण्यात आली, १९५४ साली ते गेले, सरकारची माफी २००९ साली आली, राजक्षमा २०१३ साली मिळाली आणि २०२१ साली त्यांचा चेहरा ५० पौंडांच्या नोटेवर झळकला. जिवंत समलिंगी माणसे हक्क मागतात. नोटेवरची माणसे काहीही मागत नाहीत.

शेवटी प्राइड मोर्चांविषयी, म्हणजे समलिंगी लोक आणि त्यांचे पाठीराखे काढतात त्या मोर्चांविषयी. हंगेरीने मार्च २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, सहभागी होणाऱ्यांना दोन लाख फोरिंटपर्यंत दंड ठेवला आणि चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरण्याची मुभा पोलिसांना दिली. २८ जून रोजी बुडापेस्टच्या रस्त्यांवर पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी उतरली. एक लाखाहून अधिक लोक होते, असा आयोजकांचा अंदाज आहे. त्यात आजवर अशा मोर्चाकडे न फिरकलेले, केवळ सरकारने मनाई केली म्हणून आलेले लोकही होते. थोड्याच दिवसांत पोलिसांनी सहभागी लोकांवर कारवाई करणार नसल्याचे जाहीर केले. तेव्हा आपल्या शहरातला मोर्चा लहानच राहावा अशी इच्छा असेल, तर त्याला परवानगी द्यावी, अर्जावर वेळेत सही करावी, आणि वाहतूक वळवण्यासाठी दोन हवालदार पाठवून द्यावेत.