मन्याचा हॉल आणि दहा डबे

मन्याला नव्या बिल्डिंगचा ताबा मिळाला. त्याची हकीगत इथे कुणाला सांगायला नको. रीडेव्हलपमेंटच्या सह्यांवरून आमच्या कट्ट्याचेच दोन तुकडे व्हायची वेळ आली होती. मुद्दा एवढाच, की हॉल आता दहा बाय सोळाचा आहे, भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही लागलाय आणि बिल्डरने दिलेल्या कॉर्पसमधले लाखभर रुपये बायकोने "एकदाच, पुन्हा मागायचे नाहीत" या बोलीवर सोडलेत. शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीत फडके रोडच्या कोपऱ्यावर त्याने विचारलं, "होम थिएटर घ्यायचंय. काय घेऊ?"

"साउंडबार घे," पम्या म्हणाला. पम्या बँकेत आहे. कुठल्याही चर्चेत तो स्वस्तातला पर्याय सुचवतो आणि मग चर्चा संपेपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो.

अव्याला मात्र कंठ फुटला. "बघ, ॲक्च्युअली, सेव्हन पॉइंट वन पॉइंट टू. त्याच्याखाली विचारच करायचा नाही. ॲटमॉस नसेल, डोक्यावरून हेलिकॉप्टर जात नसेल, तर ते होम थिएटर नाही, रेडिओ आहे."

शिरीषकाकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. काकांचं इथेच रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात, पण कट्ट्यावर त्यांचा शब्द अजून सोल्डरिंगसारखा बसतो. "सात स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर आणि वरचे दोन," काका म्हणाले. "दहा डबे झाले. हॉलमध्ये डबे ठेवणार, मग माणसं पॅसेजमध्ये बसणार का?"

"काका, वरचे दोन छताला लावायचे नाहीत. तोंड वर असलेले स्पीकर मिळतात. आवाज छताला आपटून खाली येतो."

"त्याला छत सपाट आणि टणक लागतं. मन्या, तुझ्या छताला काय काय आहे रे?"

"पीओपी. मधोमध खोलगट केलंय, कडेने लाइटची पट्टी, दोन पंखे."

"मग अव्याचं हेलिकॉप्टर येणार आणि तुझ्या पंख्यात अडकणार."

अव्याने हार मानली असं नाही. अव्या कधीच मानत नाही. तो सगळे रिव्ह्यू दीडपट वेगाने बघतो आणि डेनॉन, यामाहा, मरांट्झ ही कंपन्यांची नावं सख्ख्या मावसभावांची असावीत तशी घेतो. मध्येच मन्याने निरागसपणे विचारलं, "तुझ्याकडे कुठला सेट आहे रे?" तर अव्या म्हणाला, "मी रिसर्च फेजमध्ये आहे." त्याच्याकडे टीव्हीचे टीव्हीलाच असलेले स्पीकर आहेत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

एवढ्यात बंटी टेम्पो लावून आला. हळदी-साखरपुड्यांना साउंड पुरवतो, त्यामुळे त्याचा प्रश्न एकच असतो. "वॅट किती?"

"रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या डब्याच्या, बॉक्सवर 175 लिहिलंय," अव्या. "पर चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरला!"

"खालची बारीक अक्षरं वाचलीस?" काकांनी विचारलं. "एकच चॅनेल चालू, सहा ओहम, फक्त एक किलोहर्ट्झचा सूर आणि दहा टक्के विकृती. दहा टक्के म्हणजे आवाज फाटलेला असतो बाबा. तोच डबा आठ ओहमवर, दोन चॅनेल चालवून, 20 ते 20,000 हर्ट्झमध्ये स्वच्छ मोजला की 80 भरतो. पाचही एकदम वाजवले की त्याहून कमी. पूर्वी टू-इन-वनवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा, हजार वॅट लिहायचे. आत ट्रान्सफॉर्मर बघितला तर एवढासा. नाव बदललं, धंदा तोच."

"पण जास्त वॅट म्हणजे जास्त आवाज ना?"

"वॅट दुप्पट केलेस तर 3 डेसिबल वाढतात. म्हणजे 'वाढला का रे?' असं शेजारच्याला विचारावं लागतं. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघ, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये तो किती डेसिबल वाजतो ते. 88 चा सोडून 91 चा घेतलास तर निम्म्या वॅटमध्ये तेवढंच वाजतं. आणि ओहम बघ, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. ओहम काय असतात ते अव्याला विचार."

आता हे काकांनी मुद्दाम केलं. 2011 ची वर्ल्ड कप फायनल. मंडळाने चौकात पडदा लावला होता, ॲम्प्लिफायर बंटीचा, जोडणी अव्याची. आठ ओहमचे चार बॉक्स त्याने सरळ पॅरललमध्ये जोडले. दोन ओहम उरले, म्हणजे ॲम्प्लिफायरवर भार वाढला. ॲम्प्लिफायर चारच्या खाली चालवायचा नाही असं पाठीमागेच छापलेलं होतं. गंभीर 97 वर बोल्ड झाला तेव्हा नुसता वास येत होता, पुढे धूर निघाला. धोनीचा तो षटकार आख्ख्या चौकाने मुका बघितला. शास्त्रींची कॉमेंट्री आम्ही दुसऱ्या दिवशी बातम्यांत ऐकली.

"त्याचे पैसे अजून आले नाहीत," बंटी म्हणाला.

"मंडळाने द्यायचे होते," अव्या.

"मंडळाचा खजिनदार कोण होता?"

पम्याने मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं. या वादाला इथे वारसाहक्क आहे, त्यामुळे तो दहा मिनिटं चालला. मी गाळतो.

मन्या बिचारा मूळ प्रश्नावर आला. "मला ते पॉइंट वन, पॉइंट टू नको. पिक्चरमध्ये बोललेलं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो, तोच गाडी उडते आणि आई आतून ओरडते. हे थांबायला काय घ्यायचं तेवढं सांगा."

माझ्या मते सबंध संध्याकाळीत कामाचं वाक्य हे एकच होतं आणि ते होम थिएटरमधलं काही न कळणाऱ्या माणसाने उच्चारलं.

"मधला स्पीकर," काका म्हणाले. "पिक्चरमधलं बहुतेक बोलणं तिथून येतं. आधी पुढचे तीनच घे. डावा, उजवा, मधला, तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, नाहीतर माणूस पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जाताना त्याचा आवाज बदलतो. आणि मधला टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलायचा नाही. पार कडेला आणायचा, तोंड जरा वर, कानाच्या रोखाने. लाखातले साठ-पासष्ट यातच घाल."

"आणि रिसीव्हर?" अव्या जवळजवळ किंचाळला. "रिसीव्हर म्हणजे ब्रेन आहे!"

"ब्रेन पाच-सात वर्षांत म्हातारा होतो. एचडीएमआय बदलतं, डॉल्बीवाले नवीन काहीतरी काढतात. स्पीकरला तारा दोनच, तांबडी आणि काळी. 1980 सालच्या स्पीकरला आजचा रिसीव्हर चालतो. म्हणून साधा पाच चॅनेलचा घे. मायक्रोफोन लावून खोली स्वतः मोजतो असा बघ, म्हणजे झालं."

अव्याने शेवटचा बाण काढला: ईएआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या तारेतून रिसीव्हरकडे नेणारी नवी सोय. इथे मी तोंड घातलं. मन्या ब्लू-रे बघणार नाही, तो ओटीटी बघणार. ओटीटीवरचा ॲटमॉससुद्धा डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या प्रकारातून येतो आणि तो साध्या, जुन्या एआरसीतूनही जातो, टीव्हीने पुढे सोडला तर. अव्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याच्या लग्नात फोडणी विसरलो होतो.

मागच्या स्पीकरांचं दिवाळीनंतर बघू असं ठरत होतं. ते नेमके मागे नसतात, बाजूला, कानाच्या किंचित मागे, साधारण 110 अंशांवर लावतात. पण मन्याचा सोफा भिंतीला चिकटलाय. पुढे ओढला तर बाल्कनीचं दार उघडत नाही. "मग दार बंद ठेव," असं बंटी म्हणाला. याच बंटीने टेम्पो लावून समोरच्या दुकानाचं शटर अडवलेलं होतं.

वायर माझ्याकडून घे, असंही त्याने सुचवलं आणि टेम्पोतून हातभर तुकडा आणून दाखवला. "प्युअर कॉपर, काका." काकांनी खिशातून ब्लेड काढलं. हा माणूस अजून खिशात अर्धं ब्लेड बाळगतो, कागदात गुंडाळून. आवरण सोललं, एक तार वेगळी केली, मोबाईलच्या उजेडात तिच्यावर हलकेच ब्लेड फिरवलं. तांबडा रंग केसासारखा निघाला, खाली पांढरंशुभ्र.

"ॲल्युमिनियम. वरून तांब्याचा मुलामा."

बंटीने ती तार बराच वेळ निरखली. "च्यायला," तो एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे 2011 चा दोष वायरचा पण असेल!"

"मी तेव्हाच म्हणत होतो!" अव्या. तो तेव्हा काहीही म्हणत नव्हता. तो पळाला होता.

"उद्याच जाऊ लॅमिंग्टन रोडला," अव्या भरात आला. "सकाळची फास्ट पकडू, दादरला बदलून ग्रँट रोड. दुकानदारांशी मी बोलतो."

"जा," काका म्हणाले. "शटरशी बोल. रविवारी बंद असतं."

अव्या दोन सेकंद गप्प बसला. कट्ट्यावर हे फारसं घडत नाही.

मन्याने भीत भीत सबवूफरचं विचारलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणजे ज्यांनी शेवटची सही आठ महिने अडवली होती तेच. रात्री दहानंतर रहिवासी भागात 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे ते लिफ्टमध्येही सांगतात, आणि खर्जाचा आवाज तर स्लॅबमधूनच खाली उतरतो.

"पुढच्या वर्षी घे, छोटा घे, खाली जाड फोम ठेव," काका म्हणाले. "आणि जागा कशी ठरवायची सांगतो. सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, आपण बसतो तिथे. गाणं लावायचं आणि एका माणसाने जमिनीवर सगळ्या हॉलभर रांगायचं. जिथे खर्ज भरीव, गोळीबंद ऐकू येईल, तिथे नंतर सबवूफर ठेवायचा."

आम्हाला वाटलं थट्टा करतायत. अव्या म्हणाला, "नाही नाही, हे खरं आहे, सबवूफर क्रॉल म्हणतात. मी करतो ना! मला कान आहे."

काकांनी अव्याच्या पोटाकडे बघितलं.

"तू रांगायला लागलास," काका म्हणाले, "तर खालच्यांना सबवूफर लागायच्या आधीच 45 ओलांडतील."

पम्याला चहाचा ठसका लागला. बंटी टेम्पोच्या बॉनेटला धरून हसत होता. मन्याने विचारायचा प्रयत्न केला, की मग नक्की किती ओहमचे घेऊ, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.