एका लायब्ररीची पाच व्हर्जन्स: जपून ठेवण्याची रीत

बारा प्रोजेक्ट असतील, तर लॉगिंगच्या (प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या) लायब्ररीची निदान पाच व्हर्जन्स हवीतच. प्रत्येकाला वेगळी चूल मांडू द्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीच्या सुरक्षेला भगदाड पडलं आणि २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१ अशी चार व्हर्जन्स त्याच महिन्यात आली. व्हर्जनचा आकडा एका जागी ठेवणाऱ्यांचं चार ओळींत भागलं. तुम्हाला बारा चोक अठ्ठेचाळीस बदल करायला मिळाले असते! कामसू दिसायची अशी संधी कोण सोडतो?

तरी एखादा उत्साही डॉटनेटच्या सोल्यूशनमध्ये मुळाशी सगळी व्हर्जन्स एका जागी लिहिणारी ‘डायरेक्टरी डॉट पॅकेजेस डॉट प्रॉप्स’ फाइल ठेवेलच. खुशाल ठेवू द्या. तुमच्या सीएसप्रोजमधला (प्रोजेक्टच्या फाइलमधला) आकडा मात्र हलवू नका. पॅकेजेस आणणारं रिस्टोअर ‘एनयू१००८’ ही एरर देत अडून बसेल, तेव्हा ‘व्हर्जन’च्या जागी ‘व्हर्जनओव्हरराइड’ लिहा. बिल्ड हिरवा, मध्यवर्ती फाइल शोभेला. ट्रान्झिटिव्ह पिनिंग (दुसऱ्या पॅकेजेसच्या आडून येणाऱ्यांनाही मध्यवर्ती आकडा लावणं) मुळात बंदच असतं, ते चालू करू नका. म्हणजे आडून येणारी जुनी पॅकेजेस सुखरूप राहतील.

मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलवाल्यांना तर फारसे कष्टच नाहीत. पेरेंट पॉममधल्या (सामायिक प्रोजेक्ट फाइलमधल्या) डिपेंडन्सी मॅनेजमेंटला, म्हणजे व्हर्जन्सच्या यादीला, चाइल्डमधली एक व्हर्जनची ओळ गप्प करते. शिवाय दोन बीओएम (व्हर्जन्सच्या तयार याद्या) इम्पोर्ट करा: एकच लायब्ररी दोन्हींत असली तर आधी लिहिलेला बीओएम जिंकतो, आणि क्रम वाचतो कोण? काहीच बांधून दिलं नाही तर मेव्हन डिपेंडन्सींच्या झाडात मुळाच्या सर्वांत जवळचं व्हर्जन घेतो, तर ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल सर्वांत वरचं. जवळचं जुनं निघालं की कंपाइल निमूट होतं आणि ‘नो सच मेथड एरर’ थेट प्रॉडक्शनमध्ये भेटतो, बहुधा सगळे घरी गेल्यावर.

ग्रेडलचा व्हर्जन कॅटलॉग बिनधास्त स्वीकारा. त्याच्या टॉमल फाइलमध्ये १.२ लिहिलंय म्हणजे १.२च चालतंय, अशी श्रद्धा ठेवा. कॅटलॉग फक्त नाव आणि आकडा पुरवतो. दुसऱ्या लायब्ररीने १.४ मागितलं की ग्रेडल गुपचूप १.४ घेतो. त्याला रोखायला ‘स्ट्रिक्टली’ लागतं, म्हणून ते लिहू नका. ‘डिपेंडन्सी इनसाइट’ चालवलं तर हे सगळं दिसतं, म्हणून तेही नको.

रिपॉझिटऱ्याच वेगवेगळ्या असतील, तर सामायिक बीओएम प्रकाशित करून टाका. मग तो अपडेट करण्याची तारीख ज्याची त्याने ठरवावी. महिन्याभरात त्या बीओएमचीच पाच व्हर्जन्स वापरात असतील.