‘डाय नको, डिफ्युजन एमआरआय करा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

‘हृदयाच्या स्नायूवरचा वण आता डिफ्युजन एमआरआयमध्ये सुई न टोचता दिसतो, गॅडोलिनियमच्या इंजेक्शनला साफ नकार द्या’ असा मेसेज फिरतोय. गॅडोलिनियम म्हणजे एमआरआयच्या वेळी शिरेतून दिली जाणारी डाय, आणि डिफ्युजन एमआरआय म्हणजे शरीरातल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारा एमआरआय. तो वाचून कुणी गरजेची तपासणी अर्धवट सोडू नये, म्हणून त्यातल्या एकेका दाव्याबद्दल लिहितोय.

वण डायशिवाय ओळखता येतो, यात तथ्य आहे. निरोगी स्नायूत पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेनं सहज सरकतात, आडवे जाताना पेशींच्या भिंतींना अडतात. वण पडला की पेशी जातात, जागी कोलॅजेन येतं, मधली पोकळी वाढते आणि पाणी कुठेही हिंडू लागतं. हा फरक मोजता येतो, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. पण ताज्या हार्ट अटॅकनंतरच्या सुजेतही पाण्याची हालचाल वाढते, त्यामुळे नुसत्या वाढलेल्या आकड्यावरून वणच आहे असं ठरत नाही.

‘स्ट्रोकमध्ये रोज वापरतात, मग हृदयाला का नाही?’ खरी गोम इथे आहे. मेंदू जवळपास स्थिर असतो. 50 मिलिसेकंदांत पाण्याचा रेणू सरकतो जेमतेम 10-12 मायक्रॉन, केसाच्या जाडीहूनही कमी. हृदयाचा झडपांकडचा भाग मात्र दर ठोक्याला सेंटीमीटरभर हलतो, शिवाय श्वास चालूच. हजारपट मोठ्या हालचालीतून ती इवलीशी हालचाल वेगळी काढायची! त्याला खास सिक्वेन्स (चित्र घेण्याची ठरलेली पद्धत) आणि ताकदवान ग्रेडियंट (मशीनमधलं चुंबकक्षेत्र झटपट बदलणाऱ्या कॉइल) लागतात. हे काम मुख्यतः संशोधन केंद्रांत चाललंय, नेहमीच्या तपासणीत ते अजून रुळलेलं नाही.

‘गॅडोलिनियम विष आहे.’ सुटं असेल तर आहेच. इंजेक्शनमध्ये ते रेणूंच्या पिंजऱ्यात बांधलेलं असतं. 2006 साली किडनी फार बिघडलेल्या रुग्णांतल्या त्वचा आणि सांधे आखडण्याच्या आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला, तो प्रामुख्यानं सैल पिंजऱ्याच्या लिनिअर डायमुळे. घट्ट पिंजऱ्याच्या मॅक्रोसायक्लिक डायनंतर असा आजार अत्यंत विरळ. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा आणि कुठली डाय देणार ते विचारा.

‘डायनं जास्त काही कळत नाही’ हे वाक्य तर सरळ चूक आहे. इंजेक्शननंतर साधारण 10 मिनिटांनी काढलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो आणि वण त्यात पांढराशुभ्र. पांढरी पट्टी कड्याच्या आतल्या काठाला असेल तर संशय बंद पडलेल्या रक्तवाहिनीवर जातो. भिंतीच्या मधोमध असेल तर दुसऱ्या आजारांवर. पुढचे उपचार या पट्टीच्या जागेवर आणि जाडीवर ठरतात. स्नायूभर सारखा पसरलेला वण मात्र या चित्रात निसटू शकतो, कारण तुलनेला काळा भागच उरत नाही. त्यासाठी टी-1 मॅपिंग आहे, म्हणजे चुंबकीय धक्क्यानंतर स्नायूचा प्रत्येक ठिपका किती वेळात सावरतो ते आकड्यांत मोजणं. तेही डायशिवाय करता येतं आणि अनेक ठिकाणी आजच वापरात आहे. मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.