"जीव वाचला तेच पुष्कळ" म्हणणाऱ्या वाचकास

फोंड्याहून लिहिणारे बाब, नमस्कार.

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर पुरुषांना येणाऱ्या लैंगिक अडचणींवर मी लिहिलं, ते तुम्हाला रुचलं नाही. "जीव वाचला तेच पुष्कळ, साठीला ही थेरं कशाला? आणि हे वाचून कोणी ऑपरेशनच नाकारलं तर?" असं तुम्ही विचारता.

दुसरा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तो. लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा (मज्जातंतू) ऑपरेशनमध्ये वाचवायच्या म्हणजे थोडा कॅन्सर आत ठेवायचा, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं नाही. ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढतात. ताठरता आणि वीर्यस्खलन सांभाळणाऱ्या नसा त्या आवरणाला लागून, पण बाहेरून जातात. सर्जनचा हात नेमक्या थरातून फिरला तर कॅन्सर पुरता निघतो आणि नसाही बहुधा राहतात. गाठ नसेला चिकटलीच असेल तर नस जाऊ द्यावी, मीही तेच म्हणेन. पण त्याचा अंदाज एमआरआयवरून बराचसा आधीच येतो, मग पेशंटला तो आधीच सांगायला काय हरकत?

साठीचं म्हणाल, तर हा आजार पस्तिशीतही गाठतो. मूल हवं असेल तर वीर्य गोठवून ठेवायचं ते रेडिएशन-केमोच्या आधी. नंतर सुचून उपयोग नाही.

माझं ऑपरेशन कुठे झालं ते सोडा. शेजारी बायको, मागे भाऊ, टेबलाभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. "काही विचारायचंय?" "ना." आणि फॉर्मवर सही. त्या घोळक्यात कोण तोंड उघडणार? म्हणून म्हणतो, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा.

पुढे वीर्य बाहेर आलंच नाही तर माणूस हबकतो. कधी ते मूत्राशयात जातं आणि लघवीतून निघून जातं, अपाय काही नाही. दुखावलेल्या नसा सावरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. तोवर गोळ्या, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन असे उपाय आहेत.

घरातल्या बायका हे वाचतात, ही तुमची शेवटची तक्रार. वाचतातच! लेखाखालचा सर्वांत कामाचा प्रश्न एका बाईंचाच: नवऱ्याला हृदयासाठी सॉर्बिट्रेट चालू आहे, ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल (व्हायग्रा) देऊ का? मुळीच नाही, दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. फार्मसीतून परस्पर आणू नका, आधी डॉक्टरना विचारा.