निराधारांची पेन्शन राज्यांच्या गळ्यात टाकून भागणार नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘निराधारांची पेन्शन हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे. केंद्र उगाच भार वाहतंय. स्थानिक सरकारला आपली माणसं कळतात, तेव्हा केंद्रानं यातून अंग काढून घ्यावं.’

घटनेचा मुद्दा अर्धवट आहे. काम करू न शकणाऱ्यांना साहाय्य राज्यसूचीत आहे, पण सामाजिक सुरक्षा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत, २३ व्या नोंदीत. जबाबदारी दोघांचीही आहे.

आता भाराचं बघू. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या सत्तरीतल्या आजीला महिना १,५०० रुपये मिळतात. त्यात केंद्राचे फक्त २००, राज्याचे १,३००. केंद्राचा हा आकडा २००७ पासून हललेला नाही. लिटरभर शेंगदाणा तेल घेतलं की ते २०० संपले! दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर सगळे १,५०० राज्यच देतं. म्हणजे केंद्रानं अंग कधीच काढून घ्यायला सुरुवात केलीय, तीही कुठलाही निर्णय जाहीर न करता. महागाईनं परस्पर ते काम केलं.

‘स्थानिकांना माणसं कळतात’ हे मान्यच. पण अर्ज तहसीलला, चौकशी तलाठ्याची, मंजुरी तालुक्याच्या समितीची, हे सगळं आजही स्थानिकच आहे. अडतं ते पैशापाशी. आंध्रात २०२४ पासून वृद्धांना महिना ४,००० मिळतात. बिहारमध्ये २०२५ च्या मध्यापर्यंत ४०० मिळत होते. बिहारच्या म्हाताऱ्यांची भूक काही कमी नव्हती, तिजोरी लहान होती.

‘महाराष्ट्रानं रोजगार हमी स्वतःच्या बळावर चालवलीच ना?’ हा त्यातला सगळ्यात वजनदार सवाल. चालवली, आणि त्याचा मला अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली, पुढं १९७५ च्या व्यवसाय कराचा पैसा तिला मिळाला. तो पैसा मुख्यतः मुंबईसारख्या शहरांतल्या पगारदारांचा. ज्या राज्यात मुंबई नाही त्यानं काय करायचं? शिवाय त्या कराची वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घटनेतच आहे, १९८८ पासून तीच. जीएसटीनंतर राज्यांना स्वतःहून कर वाढवायला जागाही फारशी उरलेली नाही.

निवड, चौकशी, वाटप खुशाल ग्रामसभेकडे द्या. पण केंद्रानं आपला वाटा आधी महागाईशी जोडावा आणि दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीची अट काढावी.