अंगाला धक्का न लावता

नेटहॅकमध्ये मरायला माझी कधीच ना नव्हती. 1987 साली आलेला गेम आहे. चित्रं नाहीत, आवाज नाही, सगळं भुयार अक्षरांचं. ईमेलमधलं ते ॲटचं चिन्ह म्हणजे आपण, टिंबं म्हणजे फरशी, आणि बाकी बाराखडी आपल्या जिवावर उठलेली. मेलात की सेव्ह फाइलसकट मेलात, पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात. मी यात भिंतीला लाथ मारून मेलोय, पोट भरलेलं असताना खात राहिल्याने घास अडकून मेलोय, आणि दर वेळी शांतपणे उठून चहा टाकलाय.

पण शिरस्त्राण गंजलं की माझं डोकं फिरतं.

हे काम कॅपिटल आरचं. इंग्रजीत त्याला रस्ट मॉन्स्टर म्हणतात, मी गंजासुर म्हणतो. याचं वैशिष्ट्य असं, की तो तुम्हाला काहीही करत नाही. खरंच. दोन मिशा, दोन्हींनी स्पर्श, आणि दोन्ही स्पर्शांनी होणारी इजा शून्य. अंगाला धक्का न लावता तो फक्त तुमच्या वस्तूंवर हात फिरवतो आणि खाली ओळ येते, की तुमचं शिरस्त्राण गंजलं. मग अमुक गंजलं. मग ते फार गंजलं. चिडून तलवार मारावी तर तलवारीला गंज. वेग त्याचा 18, आपला 12. म्हणजे आपल्या दोन चालींत त्याच्या तीन, त्यामुळे पळून जायचीही सोय नाही. ड्रॅगनने जाळलं तर निदान सरळ वैर असतं. हा नुसता नासधूस करतो.

याची कुळकथा ऐकाल तर आणखी चिडाल. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा कागदावरचा खेळ ज्या दोघांनी काढला त्यांतल्या गॅरी गायगॅक्सना स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी मिळाली होती, हाँगकाँगची. त्यातल्या एका विचित्र ध्यानावरून त्यांनी हा प्राणी बेतला आणि 1975 साली छापूनही टाकला. जगभरच्या लोखंडावर उठलेला हा इसम मुळात प्लॅस्टिकचा! त्याला स्वतःला कधी गंज चढणार?

उपाय आहे, नाही असं नाही. चिलखत-सुधारणेची पोथी वाचली की चिलखत गंजरोधक होतं. अट एकच, पोथी वाचताना तुम्ही भ्रमिष्ट असलं पाहिजे. शुद्धीत वाचलीत तर नेहमीचंच फळ. आणि समजा एवढं करून वस्तू गंजरोधक केली आणि ती जमिनीवर राहिली, तर गंजासुर ती तोंडात घालतो, तोंड वाकडं करून थुंकतो, भोवळ येऊन डुलायला लागतो, आणि जाता जाता तिचा गंजरोधकपणा घालवून ठेवतो. थुंकायचीच होती तर तोंडात घातलीस कशाला?

दुसरा उपाय म्हणजे वरून झगा घालणं. झग्याखालचं चिलखत सुरक्षित राहतं. माझ्याकडे झगा होता. तो तिसऱ्या मजल्यावर अप्सरेने नेला. अप्सरा म्हणजे स्मॉल एन. ती मोहिनी घालते, तुम्ही खुशीने झगा उतरवून देता आणि ती झग्यासह अंतर्धान पावते. याविषयी जास्त लिहीत नाही, घरात वाचतात.

तर बिनझग्याचा, पोलादी चिलखतातला मी एका खोलीत शिरलो आणि कोपऱ्यात आर. झोपलेला. आई मागे उभी राहून बघत होती.

"अरे, हे नुसतं एबीसीडी काय आहे?"

"तो आर आहे ना, तो राक्षस आहे."

"चावतो?"

"नाही गं. लोखंड गंजवतो."

"मग काढून ठेव की ते चिलखत. अण्णांची नातवंडं यायची म्हटलं की मी शोकेसला कुलूप घालते, तसं."

आता बघा, 1980 साली रोग नावाचा गेम आला, नेटहॅकचा पूर्वज. त्यात हाच उपद्रव ए या अक्षराखाली होता, ॲक्वेटर. आणि तेव्हाच्या पट्टीच्या खेळाडूंचा डावपेच अगदी हाच: ए दिसला की चिलखत उतरव, नाहीतर चामड्याचं घाल, ते गंजत नाही. आईने तो उभ्या उभ्या, डाळीला फोडणी द्यायला जाता जाता शोधून काढला.

हिशोब मात्र जरा वेगळा आहे. पोलादी चिलखताचं संरक्षण 7. गंजाच्या पायऱ्या तीनच, प्रत्येकीला एक गुण जातो, पुढे गंजत नाही. म्हणजे वाईटात वाईट तीन गुणांचा तोटा. तो वाचवायला मी सातच्या सात उतरवून ठेवायचे. पण कोऱ्या चिलखतावर डाग पडताना बघायचा? छे! चिलखत काढायला पाच चाली लागतात. लागू देत म्हटलं.

पाचवी चाल संपली आणि दारातून स्मॉल ए आला. सैनिक मुंगी. वेग 18, एक चावा, एक नांगी, नांगी विषारी. ही गंजबिंज काही चढवत नाही, सरळ माणूस संपवते. चिलखत परत चढवायला पुन्हा पाच चाली. त्या मला मिळाल्या नाहीत. गंजासुर शेवटपर्यंत झोपलेलाच होता.

मेल्यावर गेम तुमच्या मालमत्तेची यादी दाखवतो. त्यात माझं पोलादी चिलखत होतं, गंजाचा ठिपका नसलेलं. सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं.

मेलेल्याचा मजला गेम कधीकधी तसाच जपून ठेवतो. पुढच्या हीरोला तो लागला तर जुन्याचं सामान जमिनीवर पडलेलं असतं, राखणीला त्याचंच भूत. सामान बहुतेक शापित निघतं, पण आपलं ते आपलं. माझ्या पुढच्या हीरोला तो मजला लागला. जिन्यावरून उतरलो आणि चिलखताच्या दिशेने निघालो, तोच खाली ओळ आली: काहीतरी कुडुमकुडुम चावल्याचा आवाज येतोय.