‘दोन तासांत मासे मरतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला, खाली ‘सर्व मत्स्यप्रेमींना पाठवा’ ही ओळ जोडूनच. दावा असा: लाईन गेली की खाऱ्या पाण्यातले मासे दोन तासांत मरतात, म्हणून विदर्भातल्या खेड्यात समुद्री टाकी ठेवणं म्हणजे पैसे उडवणं. तरी ठेवायचीच असेल तर पूर्ण टाकी इन्व्हर्टरवर घ्या, लाईन गेली की टाकीला ब्लँकेट गुंडाळा, पाणी तापलं तर बर्फ टाका, माशांना ताकद राहावी म्हणून खाऊ थोडा वाढवा, टाकीत अंधार होऊ देऊ नका, आणि लाईन आली रे आली की सगळी यंत्रं सुरू करा.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजूला एका गावात राहतो आणि घरात समुद्री टाकी आहे. लाईन आमच्याकडेही जाते, आणि वळवाच्या वादळात गेली तर रात्रभर जाते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट असली म्हणून काय झालं, तारेवर कडुलिंबाची फांदी पडली की ती उचलायला माणूसच लागतो, आणि भर पावसात रात्री खांबावर चढा असं कोणाला म्हणता येत नाही. तेव्हा लाईन जाणार हे धरूनच बोलू.

पहिला मुद्दा त्या दोन तासांचा. हा आकडा कोणत्या टाकीचा, किती माशांचा, कोणत्या महिन्यातला, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. 80 लिटरमध्ये दहा मासे कोंबले असतील आणि मे महिन्यातली रात्र असेल, तर दोन तासही जास्त होतील. 200 लिटरमध्ये दोन छोटे क्लाउनफिश असतील तर दोन तासांत त्यांना काही होत नाही.

मासे मरतात ते वीज नाही म्हणून नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. 25 अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाला समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि 30 अंशाला सव्वासहाच्या थोडा आत. म्हणजे 200 लिटरच्या अख्ख्या टाकीत प्राणवायू जेमतेम सव्वा ग्रॅम. तेवढा तर पाच लिटर हवेत असतो! टाकीच्या काचेबाहेर खोलीभर प्राणवायू पडलाय, फक्त तो पाण्यात उतरायला पाण्याचा वरचा थर हलता लागतो. पंप थांबला की तो थर थांबतो आणि खालचं पाणी खालीच राहतं. लाईन नसताना करायचं मुख्य काम त्यामुळे एकच उरतं, वरचं पाणी हलतं ठेवायचं. फिल्टर, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), दिवे ही सगळी मंडळी रांगेत मागे.

हे काम प्लास्टिकच्या मगानेही होतं. टाकीतलं पाणी घ्यायचं, वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, पाच मिनिटं हे करत राहायचं, मग पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे. भांडं मात्र तांब्या-पितळेचं नको. तांबं कोळंबी, शंख-गोगलगायी आणि पोवळ्यांना फार कमी मात्रेतही विषारी असतं, आणि आपल्या घरात अंधारात हात आधी जातो तो नेमका पाण्याजवळच्या तांब्यावर. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारायला लागले, कल्ले भराभर हलायला लागले, तर घड्याळ बघत बसू नका, प्लास्टिकचा मग उचला.

रात्रभर मग घेऊन कोण बसेल? त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप. मोठ्या सेलवर चालणारे मिळतात, चार्ज होणारेही मिळतात, लाईन गेली की आपोआप सुरू होणारेही. पण आपल्या भागात याहून सोपी सोय आहे. कपाशीवर फवारणी करायच्या बॅटरी पंपात 12 व्होल्टची, 8 किंवा 12 अँपिअर-अवरची बॅटरी असते, आणि तशी नवी बॅटरी कृषी केंद्रात सुटी मिळते. 12 गुणिले 12 म्हणजे 144 वॅट-अवर. ती निम्मीच वापरायची असं ठरवलं, कारण लेड-अॅसिड बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, तरी 5 वॅटचा 12 व्होल्टवर चालणारा एअर पंप चौदा तास चालतो. संध्याकाळी वादळ आलं तर सकाळपर्यंत पुरतो. बॅटरी नवीच घ्या हे मुद्दाम सांगतो. फवारणीच्या पंपातली काढून आणाल तर तिच्यासोबत काय काय घरात येईल सांगता येत नाही. कीटकनाशकं किड्यांसाठी केलेली असतात आणि कोळंबी ही किड्यांची जवळची नातेवाईक. फवारणीहून आलेल्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय टाकीत हात घालू नये, लाईन असो की नसो.

याच्याच जोडीची एक गोष्ट मला कुठल्याही मेसेजमध्ये दिसत नाही. लाईन गेली, पंखा थांबला, मच्छर आले की आपण कॉइल पेटवतो किंवा स्प्रे मारतो. या दोन्हींत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड वर्गातलं औषध असतं. माणसाला ते फारसं बाधत नाही, पण मासे आणि कोळंबीला ते जबर विषारी आहे. आणि एअर पंप त्याच खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा, कॉइल दुसऱ्या खोलीत न्या. पंप टाकीच्या पातळीच्या खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंप बुडवतं आणि फरशीही.

आता इन्व्हर्टर. ‘पूर्ण टाकी इन्व्हर्टरवर’ ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते, आणि नेमकी हीच टाकी बुडवते. घरोघरी असते ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. कागदावर 1800 वॅट-अवर. इन्व्हर्टरचं नुकसान आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याचं पथ्य धरलं तर हाती हजारेक उरतात. त्यावर पाणी गार करणारा 200 वॅटचा चिलर, 100 वॅटचे दिवे, फिल्टरमधलं पाणी टाकीत परत चढवणारा 40 वॅटचा रिटर्न पंप, 20 चा स्किमर आणि पाण्यात लाटा उठवणारा 10 वॅटचा वेव्हमेकर लावा: 370 वॅट, म्हणजे पावणेतीन तास. नंतर सगळं एकदम बंद, तेही मध्यरात्री, घरातले झोपलेले असताना. त्याऐवजी फक्त वेव्हमेकर ठेवा, तोंड वर करून, पृष्ठभागावर लाट उठेल असा. त्याचे 10 आणि इन्व्हर्टर स्वतःच खातो ते पंधराएक, मिळून 25 वॅट. हजाराला पंचविसाने भागा: चाळीस तास.

अर्थात खेड्यात इन्व्हर्टर एकट्या टाकीचा नसतो. घरातला साधा छताचा पंखा 75 वॅटचा, आणि मे महिन्यात रात्री तो आईच्या खोलीत चालायचा की माशांसाठी बंद करायचा, हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. म्हणूनच वर सांगितलेली वेगळी छोटी बॅटरी कामाची. तिच्यावर घरातला कोणी हक्क सांगत नाही, फार तर मोबाईल चार्ज करायला मागतील. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर एसीवर चालणारे पंप त्यावर गुरगुरतात आणि तापतात. नवा घेणारच असाल तर साइन वेव्ह घ्या. आणि जनरेटर असेल तर तो अंगणातच. वऱ्हांड्यात नाही, खिडकीखाली नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माशांच्या आधी माणसं नेतो.

ब्लँकेटचा सल्ला वाचून मला हसू आलं, मग कीव आली. ही सूचना बर्फ पडणाऱ्या मुलखातली आहे. तिकडे लाईन गेली की हीटर बंद पडतो आणि टाकी गारठते, म्हणून गुंडाळायची. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा गोधडी जरूर गुंडाळा, वरचा भाग हवेला मोकळा ठेवून. पण हा मेसेज फिरतो एप्रिल-मे मध्ये, बाहेर 45 अंश असताना! टिनाच्या छताखालच्या खोलीत टाकी झाकली तर उष्णताही कोंडते आणि हवाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, आणि माशाची गरज उलट वाढते, ढोबळ हिशेबाने दर 10 अंशांना दुप्पट.

खरं तर गार ठेवण्याच्या बाबतीत आपण मुंबईवाल्यांपेक्षा नशीबवान आहोत. आपल्याकडे डेझर्ट कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं कारण कोरडी हवा, आणि टाकीलाही तीच कामी येते. झाकण काढा, 12 व्होल्टचा कॉम्प्युटरमधला छोटा पंखा पाण्यावर तिरपा लावा. दोन-तीन वॅटचा खर्च. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, आणि 100 लिटर पाणी एक अंशाने उतरवायला 400 किलोज्यूल पुरतात. गणिताने जवळजवळ सहा अंश. खोलीतली उष्णता तेवढ्यात आत येतच असते, म्हणून उतार दोन-तीन अंशांचाच दिसतो, पण 32 आणि 29 मधल्या फरकावर माशांचा जीव तरतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. तेव्हा कमी झालेलं पाणी साध्या आरओच्या पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही. पावसाळ्यात मात्र ही युक्ती चालत नाही. जुलैच्या दमट हवेत पंखा फिरतो आणि पाणी तसंच राहतं. पण तेव्हा उष्माही मेसारखा नसतो.

जागा निवडायची असेल तर मातीच्या भिंतीची मागची खोली निवडा, दिवाणखाना नव्हे. पाहुण्यांना दाखवायला आत न्यावं लागेल, तेवढं चालतं.

बर्फ टाकण्यात अर्धं तथ्य आहे. गारवा हवाच, पण खडे थेट पाण्यात टाकले तर ते गोडं पाणी वितळून क्षारता खाली जाते, आणि खड्यांजवळचं तापमान झपकन पडतं. शिवाय बर्फ कारखान्यातला असेल तर तो कोणत्या पाण्याचा, देव जाणे. लाईन असताना फ्रीजरमध्ये लिटरच्या बाटल्या गोठवून ठेवा, थोड्या रिकाम्या, कारण गोठताना पाणी फुगतं. टोपण घट्ट लावलेली अशी एक बाटली 100 लिटरच्या टाकीला साधारण एक अंशाने उतरवते. एका वेळी एकच सोडा, थर्मामीटर बघत.

खाऊ वाढवण्याबद्दल थोडक्यात: देऊच नका. निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. न खाल्लेला दाणा मात्र कुजतो, कुजताना प्राणवायू खातो आणि अमोनिया सोडतो, आणि तो साफ करणारा फिल्टर बंद आहे.

अंधाराचंही तसंच. मासे रोज रात्री अंधारातच असतात. प्रकाशाची गरज पोवळ्यांना, आणि तीही दोन दिवसांच्या अंधाराने मरत नाहीत. तशी दगडी पोवळी आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातून काढलेला तुकडा कोणी ‘स्वस्तात’ देत असेल तर तो विषय तिथेच संपवा, राजेहो. बॅटरीतली वीज दिव्यावर घालवण्याचं काही कारण नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, लाईन आली की सगळं लगेच सुरू करण्याचा. रात्रभर तगलेली टाकी इथे दहा मिनिटांत हातची जाते. लाईन नसताना कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे झाकणबंद डब्यातल्या फिल्टरमध्ये, पाणी साचून राहतं, आतल्या जिवाणूंनी त्यातला प्राणवायू काही तासांत संपवलेला असतो, आणि मग तिथे कुजायला लागतं. तसाच तो चालू केला तर ते सगळं पाणी एका दमात माशांच्या अंगावर. पाच-सहा तासांहून जास्त बंद राहिला असेल तर उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज टाकीच्याच खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या, वास गेला की मगच लावा. टाकीतल्या दगडांमधल्या, पाणी साफ करणाऱ्या जिवाणूंची चिंता नको. वरचं पाणी हलत होतं तर ते जिवंत आहेत.

टाकीखाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी छोटी टाकी, असेल तर वीज जाताना वरचं काही पाणी खाली उतरतं. तेवढी जागा संपमध्ये कायम मोकळी हवी, आणि रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत सायफन (नळीतून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तोडणारं छोटं भोक. ते भोक मिठाने बुजतं, महिन्यातून एकदा काडी घाला. स्किमर सुरुवातीला फेस उतू घालतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. आणि लाईन आल्याआल्या व्होल्टेज वरखाली होतं, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. आधी वेव्हमेकर, मग रिटर्न पंप. चिलरचा प्लग स्टॅबिलायझरमध्येच, आणि लाईन स्थिरावल्यावर पाचेक मिनिटांनी, कारण कॉम्प्रेसरला लगेच पुन्हा सुरू होणं झेपत नाही, आणि मे महिन्यात तालुक्याला चिलर दुरुस्त करणारा सापडत नाही.